गोदीचा दाखला

तिसरी पाळी संपवून बन्सी घरी आला तेव्हा सकाळचे सव्वाआठ झाले होते आणि त्याला या जगाकडून फक्त एक गोधडी हवी होती. वाळूजच्या कारखान्यात रात्रभर मशीनसमोर उभं राहून त्याचे पाय इतके भरून आले होते, की कंपनीच्या बसमधून उतरताना ते आपलेच आहेत ना, हे त्याने एकदा खाली बघून घेतलं. शनिवार होता. आठवड्याची रातपाळी आज संपली होती. आता आंघोळ, दोन भाकरी, आणि मग दुपारी चारपर्यंत कुणी दार फोडलं तरी उठायचं नाही, असा त्याचा पक्का बेत होता. संसारी माणसाने असले बेत मनातसुद्धा करू नयेत. ते कुणाला तरी ऐकू जातात.

दाराच्या पायरीवर त्याची लेक गोदी बसली होती. अंगात गणवेश, वेण्यांना लाल रिबिनी, पाठीला दप्तर. शनिवारची शाळा सातला भरते, हे बन्सीसारख्या माणसालाही माहीत होतं.

"गोदे, साळंत नाय गेली?"

"नाय जायचं."

"कामून?"

एवढं विचारायचा अवकाश, पोरीने जो सूर लावला, तो ऐकून त्याची बायको आशाबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आली. "पाहा! पहाटंपून अशीच बसून हाय. चहा घेईना, बोलंना. आता तुमीच इचारा. मला तर कायबी सांगंना."

बन्सी पायरीवर टेकला. गोदीने नाक ओढलं, रिबिनीच्या टोकाला डोळे पुसले आणि हुंदक्यांच्या मधून सांगितलं, "आण्णा, बाई माझा दाखला देणार हायत."

बन्सीची झोप खाडकन उडाली. शाळा दाखला कधी देते, हे कुणाला सांगायला नको. पोर शाळेतून काढायचं असलं, की एक कागद हातात येतो, त्यावर 'वर्तणूक' म्हणून एक रकाना असतो, आणि त्या रकान्यात जे लिहिलं जातं ते जन्मभर धुऊन निघत नाही. याच शाळेसाठी त्याने अजिंठ्याच्या खालच्या अंगाचं गाव सोडलं होतं. म्हातारे वडील, पुंजाराम, म्हणाले होते, "पोरीच्या साळंसाठी कुणी घर मोडतं व्हय रं?" तरी त्याने ऐकलं नव्हतं. औरंगपुऱ्यातल्या या शाळेत पाचवीला प्रवेश मिळावा म्हणून त्याने सहा सकाळी रांगेत काढल्या होत्या, रातपाळीवरून थेट, उभ्या उभ्या डुलक्या घेत. आणि आता दाखला!

"बाई काय म्हणल्या ते जसंच्या तसं सांग."

गोदी उभी राहिली, हाताची घडी घातली आणि धानोरकर बाईंच्या आवाजात बोलली, "गोदावरी, तुझ्या वहीतल्या वडिलांच्या सगळ्या सह्या मी काल घरी नेऊन पाहिल्या. उद्या बारा वाजता पालकसभेत सगळ्यांसमोर दाखला देणार आहे. वडिलांना घेऊनच ये."

"सह्या? कशाच्या सह्या?"

गोदी आईच्या मागे सरकली. तेव्हा कुठे हळूहळू उलगडा झाला. मुलांच्या अभ्यासाचं ओझं एकट्या शाळेने का वाहायचं, घरच्यांनीही खांदा द्यावा, असं शाळेने यंदा ठरवलं होतं. त्यासाठी एक 'संपर्क वही' काढली होती. रोज संध्याकाळी पालकाने अभ्यास बघायचा, दोन ओळी लिहायच्या आणि खाली सही करायची. आशाबाईला अक्षरांची ओळख बेताची. बन्सी पहिल्या पाळीला असला की जेवता जेवता पेंगायचा, दुसऱ्या पाळीला असला की पोर झोपल्यावर यायचा, आणि तिसऱ्या पाळीला असला की पोर शाळेतून येऊन परत खेळायला जाईपर्यंत भिंतीकडे तोंड करून घोरत असायचा.

"मग म्याच लिव्हते," गोदी म्हणाली. "माझं अक्षर तिरकं काढते अन् तुमचं ताठ."

"कवापून?"

"जूनपून."

आता जानेवारी चालू होता. बन्सीने हात उगारायला हवा होता, निदान ओरडायला तरी हवं होतं. पण रागालासुद्धा अंगात जोर लागतो आणि तो सगळा मशीनपाशी राहिला होता. शिवाय मनात दुसरंच काहीतरी टोचत होतं. पोरीने सात महिने बापाची सही केली, आणि बापाला अशी वही आहे याचाच पत्ता नाही. यात चोर नक्की कोण, हे त्याला ठरवता येईना.

"एवढंच ना?" भिंतीपलीकडून आवाज आला.

हा फकिरामामा. शेजारच्या खोलीत राहायचा. मधली भिंत एका विटेची होती, त्यामुळे त्याला बोलवायची गरज कधीच पडत नसे. एका सरकारी कचेरीत तीस वर्षं आवक-जावकच्या टेबलापाशी शिपाई म्हणून काढून तो निवृत्त झाला होता, आणि लहानपणी निजामाच्या अमलात उर्दूत चार इयत्ता झाल्या असल्याने कायद्याची भाषा आपल्याइतकी कुणालाच येत नाही, अशी त्याची खात्री होती. मिनिटभरात तो चष्मा, फुलस्केप कागद आणि पेन घेऊन दारात हजर झाला.

"बन्सी, दाखला एकदा लिवला की लिवला. त्याच्या आधी आपली दरखास्त टेबलावर पायजे. आवक नंबर पडला, की साहेबाला ती वाचल्याबिगर हुकूम काढता येत नाय. कायदाच हाय."

"मामा, म्या जाऊन हात जोडतो ना."

"हात जोडल्याला आवक नंबर पडतो का?" मामाने विचारलं आणि लिहायला बसला. "मेहेरबान मुख्याध्यापक साहेब यांचे सेवेशी. अर्जदार बन्सी वल्द पुंजाराम, माफीची दरखास्त करतो की... हां, आता कसूर सांग."

"सही पोरीनं केली, ह्यो."

"आणखी?"

"आणखी काय? एवढाच."

फकिरामामाने पेन खाली ठेवलं आणि खुळ्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "बन्सी, माफीच्या अर्जात एकच कसूर लिवला, की साहेब म्हणतो, हा गडी बाकीचं दडवू राहिला. कसूर भरघोस पायजे. आमच्या कचेरीत एका कारकुनानं अकरा कसूर कबूल केले होते. साहेबाच्या डोळ्याला पाणी आलं, म्हणे, इतका इमानदार माणूस सोडू कसा?"

"पण आमचा दुसरा कसूरच नाय."

"पत्ता?" मामा म्हणाला.

प्रवेशाच्या फॉर्मवर शाळेजवळचा पत्ता हवा होता, म्हणून त्याने औरंगपुऱ्यातल्या भिकनच्या शिलाई दुकानाचा पत्ता दिला होता. भिकन त्याचा मावसभाऊ. दुकान सहा बाय आठचं. त्यात भिकन, दोन मशिनी आणि कागदोपत्री बन्सीचं अख्खं कुटुंब राहत होतं.

"त्यांनी सह्या धरल्या म्हंजी पत्ता बी धरलाच आसंल," मामा म्हणाला आणि लिहून मोकळा झाला.

मग काय, कबुलीला एकदा तोंड फुटलं की ते लवकर मिटत नाही. आशाबाई पिठाचे हात पदराला पुसत खाली बसली. "अवो, त्या तापाचं बी लिव्हा. दिवाळीनंतर भिकनभावजीच्या लग्नाला चार दिस गेलो, तवा साळंत ताप म्हणून चिठ्ठी दिली होती. त्या चार दिसात तापला तो फकस्त आचारी." लिहिलं. "अन् रुमालाचं?" "कोणता रुमाल?" मामाने विचारलं. "अवो, त्यो क्रोशाचा. पोरीनं इणून आणायचा होता, तिला जमंना, तवा पलीकडच्या साळूबाईनं इणून दिला. त्याला पयला नंबर आला ना!" तेही लिहिलं. गोदीला तर एवढा हुरूप आला, की दुसऱ्याच्या पेनातली शाई आणि पाटीवर काढलेलं बाईंचं चित्र, हेसुद्धा तिने स्वतःहून सांगून टाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची असते म्हणतात. त्या सकाळी त्या घराने आपली मूठ बोटं मोजून उघडली.

बन्सीने हे सगळं भिंतीला टेकून, अर्ध्या झोपेत ऐकलं. मामाने कागद पुढे केला, बोट ठेवून जागा दाखवली, आणि बन्सीने शाळेच्या कामातली वर्षभरातली पहिली स्वतःची सही केली.

साडेअकराला तो गोदीला घेऊन शाळेत पोचला. रामकिसन क्लार्कने पाकीट न उघडता त्यावर शिक्का मारला, वहीत नंबर टाकला आणि म्हणाला, "सर स्टेजवर बसलेत. तिथंच देतो नेऊन."

सभा पाचवीच्याच वर्गाबाहेर, पटांगणात होती. पालकांना बसायला पोरांचे बाक मांडलेले. बन्सी शेवटच्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसला. कुणीतरी प्रास्ताविक करत होतं, 'घर आणि शाळा ही एकाच रथाची दोन चाकं' असं काहीतरी ऐकू आलं, आणि त्या रथाच्या खडखडाटात त्याचा डोळा लागला.

"श्री. बन्सी पुंजाराम यांनी पुढे यावं!"

गोदीने चिमटा काढला. बन्सी उठला. दोनशे माना मागे वळल्या. फाशीचा दोर दिसावा तशी त्याला ती स्टेजची पायरी दिसली, आणि गंमत अशी, की तिथे तरी बसायला खुर्ची असेल, असा विचार त्याच्या मनात आला. तो वर जाऊन धानोरकर बाईंच्या शेजारी उभा राहिला. पलीकडे मुख्याध्यापक रामकिसनने दिलेलं पाकीट फोडत होते.

"पालकहो," बाई माइकवर म्हणाल्या, "नोकरी असते, वेळ मिळत नाही, ही तुमची तक्रार मी रोज ऐकते. म्हणून आज एका पालकाचा दाखला देते. हे गृहस्थ वाळूजला तीन पाळ्यांत काम करतात. पण जूनपासून एक दिवस असा नाही, की यांनी मुलीची वही पाहिली नाही. आदर्श पालक कसा असावा, तर असा असावा!"

टाळ्या पडल्या. बन्सीला आधी काही कळेना. मग एकदम कळलं आणि पायाखालची फळी हलल्यासारखं झालं. दाखला असाही असतो! उदाहरण द्यायचं, त्यालाही दाखला देणंच म्हणतात. चौथीच्या पुस्तकात त्याने स्वतः वाचलं होतं, पण चोराच्या मनात चांदणं असलं की साधा शब्दही वेगळाच ऐकू येतो. त्याने झटकन मुख्याध्यापकांकडे बघितलं. ते कागदाची घडी उलगडत होते.

"साहेब, त्यो कागद..." बन्सी कुजबुजला.

"शू!" मुख्याध्यापक म्हणाले आणि वाचू लागले.

"यांनी लिहिलेलं ऐका," बाई वही उघडून म्हणाल्या. "'आज गोदावरीने कविता म्हणून दाखवली. मी डोळे मिटून ऐकली. छान वाटले.'"

बन्सीने कान टवकारले. डोळे मिटून म्हणजे तो घोरत असणार. म्हणजे पोर त्याच्या पाठीमागे बसून कविता म्हणत होती की काय?

"'आज भागाकार चुकले. मी रागावलो नाही. उद्या जमेल, असे म्हणालो.'"

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ते पत्त्यापर्यंत आले होते.

"'आज मी फार दमलो होतो. गोदावरीने धडा वाचून दाखवला. तिचा आवाज ऐकून माझे पाय दुखायचे थांबले.'" बाईंचा आवाज इथे जरासा ओलावला. "पालकहो, असा प्रामाणिकपणा आज कुठे बघायला मिळतो?"

मुख्याध्यापकांना जोराचा ठसका लागला. बहुधा ताप आणि आचारी आला असावा. रामकिसन पाण्याचा पेला घेऊन धावला.

बन्सीचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. बाईंनी त्याच्या हातात गुलाबाचं फूल आणि पेन दिलं, लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, आणि या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून पुढच्या बाकावरच्या दोन बायांनी पदराने डोळे पुसले. आपण बोललो नाही ते सगळं पोरीने आपल्या नावावर बोलून ठेवलं, आणि ते आपल्यापेक्षा चांगलं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

सभा संपल्यावर मुख्याध्यापकांनी त्याला ऑफिसात बोलावलं. दोघांचेही चेहरे सारखेच थकलेले होते. एकाची रातपाळी झाली होती आणि दुसऱ्याची तीस वर्षं.

"हे काय आहे हो?"

"माफीनामा, सर."

"मागितला होता कुणी?" मुख्याध्यापकांनी कागद टेबलावर पसरला. "पत्ता खोटा, हे मला माहीत नव्हतं. ताप खोटा, माहीत नव्हतं. आणि हा रुमाल..." त्यांनी मान वर केली. समोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत साळूबाईचा क्रोशाचा रुमाल 'विद्यार्थिनीचे हस्तकौशल्य' अशी चिठ्ठी लावून टांगलेला होता. "हा तर मी शिक्षणाधिकाऱ्यांना दाखवला!"

बन्सीने हातातलं फूल हळूच पाठीमागे नेलं.

"तुम्ही गप्प बसला असतात तर काहीच झालं नसतं. आता या कागदावर आवक नंबर पडलाय. नंबर पडला, की मला काहीतरी कारवाई करावी लागते. आणि नियमाने बघायला गेलं तर..." त्यांनी एक सुस्कारा सोडला. "तर मला खरंच दाखला द्यावा लागेल."

न मागता दिलेल्या कबुलीमुळे सकाळची भीती आता खरी होऊन समोर बसली होती. ऑफिसच्या दारातून गोदीची लाल रिबीन दिसत होती. बन्सीने फूल आणि पेन टेबलावर ठेवलं.

"सर, माजी पोरगी लई हुशार हाय. ते मला बी आजच कळलं. कसूर सगळा माझा हाय, तिला काढू नका. सही खोटी हाय, पर तिनं जे लिवलंय ना, ते म्या आजपून खरं करतो. तेवढी मुदत द्या."

मुख्याध्यापकांनी माफीनाम्याची घडी घातली. मग त्यांनी फूल आणि पेन पुन्हा बन्सीकडे सरकवलं आणि हाक मारली, "रामकिसन, यावर शेरा लिहा. 'पालकास समज दिली.' फाइल बंद." आणि आवाज खाली आणून म्हणाले, "धानोरकर बाईंना यातलं अवाक्षर कळता कामा नये. अठरा वर्षांत त्यांनी कुणाचं कौतुक केलेलं मी आज पहिल्यांदा ऐकलं. आणि सोमवारपासून वहीत तुम्ही स्वतः लिहायचं. स्वतः सही करायची. कळलं?"

"व्हय सर."

सोमवारपासून बन्सीची पहिली पाळी होती. पहाटे पाचला उठून गेलेला माणूस साडेचारला परत आला. डोळे मिटत होते, पण तो आडवा झाला नाही. गोदी समोर बसली. तिने कविता म्हटली, धडा वाचला, तीन भागाकार केले. बन्सीने मांडीला चिमटे काढत सगळं ऐकलं, आणि मधे दोनदा, न सांगता, "वा!" म्हणाला. मग त्याने बाईंनी दिलेलं पेन घेतलं. शाळा सुटून वीस वर्षं झाली होती. अर्धा तास खपून त्याने लिहिलं, 'गोदीने अब्यास केला. मी जागा होतो.' खाली मोठ्या अभिमानाने सही ठोकली. गोदीने ती बघितली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं.

मंगळवारी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा गोदी पुन्हा पायरीवर बसलेली. तिने वही पुढे केली. त्याच्या सहीला लाल शाईचं मोठं वर्तुळ होतं आणि खाली धानोरकर बाईंच्या करकरीत अक्षरात लिहिलं होतं, 'गोदावरी, ही सही तुझ्या वडिलांची नाही, हे मी पाहताक्षणीच ओळखले. अक्षरही त्यांचे नाही आणि ते इतके अशुद्ध लिहीत नाहीत. इतक्या चांगल्या माणसाच्या मुलीकडून ही अपेक्षा नव्हती. उद्या वडिलांची खरी सही घेऊन येणे.'

बन्सीने ते दोनदा वाचलं. आशाबाई चुलीपासून उठून आली. "काय म्हणत्यात बाई?"

"काय झालं?" भिंतीपलीकडून फकिरामामा म्हणाला. "दरखास्त लिव्हायची का?"

"नको!" तिघेही एका दमात ओरडले.

बन्सीने पायातले बूट काढले, हातपाय धुतले आणि गोदीची रफ वही घेऊन सतरंजीवर मांडी घातली. अंगातलं हाड न् हाड ठणकत होतं. त्याने पेन उघडलं आणि शेजारची जागा हाताने झटकली.

"ये गोदे, बस इथं," तो म्हणाला. "दाखव बरं, म्या सही कशी करतो ते."